गुरुजींचा कढीपत्ता आणि डच फुलपाखरू

चौलात आमच्या आळीत एकच कढीपत्ता, तोही गायकवाड गुरुजींच्या दारात. पण फांदीला हात लावला की ओटीवरून आवाज येतोच, "वहिनी, जरा बघून. वस्ती हाय तिथं."

वस्ती म्हणजे अळ्यांची. लोक अळ्या वेचून टाकतात, हे गृहस्थ त्यांना आख्खं झाड चारतात. निम्म्या फांद्यांच्या नुसत्या काड्या झाल्यात. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, माझ्या आमटीला फोडणी द्यायचीय." तर म्हणाले, "जर्मन लोक फुलपाखराला काय म्हणतात, माहित्येय?"

झालं. निवृत्त झाल्यापासून त्यांना हाच नाद लागलाय. जर्मन शब्द म्हणे सायीवरून आला. चेटकिणी फुलपाखरं होऊन साय चोरतात, अशी तिकडची जुनी समजूत. इंग्रजांच्या नावात लोणी. डचांचे आफ्रिकेतले भाऊबंद त्याला जोडे शिवणारा म्हणतात. "आणि जुन्या डच भाषेतलं एक नाव तर..." इथं गुरुजी थबकले. "राहू दे. तुमचं जेवण व्हायचंय."

"मग आता काय म्हणतात?" मी विचारलं. म्हटलं, एकदाचं संपू दे.

"व्लिंडर," ते अगदी स्वच्छ म्हणाले. "मूळ कुणालाच नक्की ठाऊक न्हाय. बहुतेक फडफडण्यावरून."

मी चार पानं घेऊन सटकले.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा हॉलंडहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नात सहा वर्षांची. मराठी कळतं, पण बोलायला लाजते. एकदा हात हलवते नि पळते. मग गुरुजी फोनमधल्या रिकाम्या सोफ्याशी बोलत बसतात.

त्या दिवशी ते फोन घेऊन थेट कढीपत्त्यापाशी गेले. कोशातून नुकतंच बाहेर आलेलं काळं फुलपाखरू पंख वाळवत होतं.

"हे काय गं? तुमच्याकडं काय म्हणतात याला?"

पळणारी पोर थांबली. "व्लिंडर."

"बिलिंदर?"

ती खुदकन हसली. "नाही आबा. व्लिंडर."

"मला न्हाय जमत बाय. शिकव की."

ती फोनला नाक लावून शिकवायला बसली. जन्मभर पोरांचे उच्चार सुधारणारा हा माणूस तोंड वेडंवाकडं करून चुकत होता. फुलपाखरू कधीच उडून गेलं, तरी चुकतच होता.

मी एकही पान न तोडता घरी आले. आता कढीपत्ता मी बाजारातूनच आणते.