बुकित तिमाहमधली उष्णतेची चोरी

सिंगापूरच्या मराठी मंडळींत सर्वांत तल्लख गुप्तहेर म्हणून एकच नाव घेता येईल. अजून कोणी घेतलेलं नाही, म्हणून मीच घेतो: पांडुरंग सबनीस, निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी तीन हरवलेले ग्रंथ शोधून काढले. त्यांतले दोन माझ्याच पिशवीत निघाले, पण सापडले हे महत्त्वाचं.

त्या शनिवारी माझ्या मुलानं, रुचिरनं, मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूत बीफचा चार किलोचा तुकडा पहाटेच धुरावर ठेवला. ही विद्या तो जहाजावर शिकला. संध्याकाळी सहाला त्याचे चीफ इंजिनीअर जेवायला येणार होते. नऊला मात्र त्याला बंदरावरून तातडीचं बोलावणं आलं.

"बाबा, झाकणावरचा काटा एकशे दहावर राहिला पाहिजे. उतरला तर दोन कोळसे घाला. बास. जमेल ना?"

आम्ही त्याच्याकडे राहायला आल्यापासून चार महिन्यांत त्यानं मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी शाकाहारी, पण तपासाला सोवळं नसतं. "जमेल," म्हणालो.

दहाला झाकण उघडून पाहिलं. मांस जागेवर होतं. झाकण लावलं आणि काटा पाहिला. ऐंशी. तीस अंश बेपत्ता.

पहिला संशय कोळशावर. काळा, मुका, आतून धुमसणारा. दोन नवे घातले, दहा मिनिटांनी उघडून खात्री केली. पुन्हा ऐंशी.

दुसरा संशय शेजारच्या मिस्टर टॅनवर. मी झाकण उघडलं की ते कुंपणावरून डोकावत. "अंकल, स्टिल नॉट रेडी आह?"

सारखे का डोकावता, असं मी दबकत विचारलं. म्हणाले, तुम्ही उघडता तेव्हाच वास येतो. हे मी वहीत टिपून घेतलं आणि पान उलटलं.

दोनपर्यंत एकच नाव उरलं. हेतूही भक्कम होता. माझी पत्नी आशालता तिथल्या देवांना मांसाचा वास लागू नये म्हणून सकाळपासून दार लावून स्वयंपाकघरात बसली होती. जड मनानं मी खिडकीशी गेलो.

"खरं सांग. तू त्या बार्बेक्यूला हात लावलास?"

"मी त्याच्याकडे बघतही नाही. तुमच्याकडे बघतेय. बावीस वेळा झाकण उघडलंत."

"पाहणी करत होतो."

"भात शिजताना कधी झाकण काढू दिलंय मी तुम्हाला?"

"नाही."

"का?"

"वाफ मोडते," म्हणालो, आणि माझे कान तापले. चोरीचा माल याही वेळी माझ्याच पिशवीत होता.

ती पदर नाकाला लावून बाहेर आली, मांसाकडे पाठ करून खुर्ची टाकली, मला समोर बसवलं आणि गवार मोडायला दिली. अर्ध्या तासात काटा एकशे दहा.

साडेपाचला रुचिर आला. "आई, तू बीफची राखण करतेयस?"

"त्याची नाही. ह्यांची."

मी सगळं कबूल केलं. त्यानं मांसात सळई खुपसून पाहिली. अजून दोन तास.

"मसालेभात टाकते," आशालता उठली. "तेवढ्यात होईल ते."

चीफनी मसालेभात तीनदा घेतला. आठला बीफ आलं. पहिला घास खाऊन त्यांनी विचारलं, हे दिवसभर कोणी सांभाळलं?

मी आणखी भात वाढून घेतला.

"कोळसे बाबांनी," रुचिर म्हणाला. "झाकण आईनं."

झोपण्यापूर्वी वहीत शेवटची ओळ लिहिली: आरोपी दोषी. कामावर कायम.