बसण्याची सोय

माझ्या टेबलावरून चूक पुढे सरकत नाही! हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. साहेबांना ते मीच पटवून दिलंय, ही गोष्ट वेगळी.

खाली दुकानं आणि वर घरं अशा इमारतींचे प्रस्ताव आमच्या नगर नियोजन कार्यालयात येतात, ते तपासायचं काम माझं. मालाचा टेम्पो कुठून शिरणार, बेकरीचा धूर कोणाच्या बेडरूममध्ये जाणार, सगळं मी बघतो. त्या वेळचा प्रस्ताव मात्र जरा नाजूक होता. आमच्या घरासमोरच्या कोपऱ्यावरची बैठी दुकानं पाडून तिथे सहा मजले उठणार होते. दुकानदारांना नवे गाळे मिळणार होते, त्यामुळे ते खूश. प्रश्न होता पायऱ्यांचा.

त्या दुकानांपुढे तीन रुंद पायऱ्या होत्या. बाबांचं तिथे सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळ झाली की बाबा, टेलरकाका आणि बेकरीवाले पायऱ्यांवर हजर! आई गेल्यापासून बाबा घरात फार बोलत नसत. पायऱ्यांवर मात्र असे हसत, की आवाज आमच्या बाल्कनीपर्यंत यायचा.

नव्या नकाशात पायऱ्याच नव्हत्या. गुळगुळीत काचेची भिंत आणि पुढे सपाट फरशी! आमच्या तपासणीच्या तक्त्यात ‘बसण्याची सोय’ असा एक रकाना असतो. नियमाला धरून मी त्यात लिहिलं, ‘लागू नाही’.

“बाबा, तुम्ही हरकत नोंदवा की!” बायको म्हणाली.

“मुलाच्याच टेबलावर बापाने हरकत टाकायची? त्याची पंचाईत होईल गं,” असं म्हणून बाबा चपला घालून पायऱ्यांवर गेले. मला फार वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम!

सोमवारी जाहीर सुनावणी होती, आमच्या घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये. बिल्डरने इमारतीचं सुंदर मॉडेल कार्यालयात पाठवलं होतं. ते हॉलपर्यंत न्यायचं कोणी?

“मी नेतो!” मी छाती पुढे काढून साहेबांना म्हणालो. “तळहाताच्या फोडासारखं जपेन!”

शनिवारी मॉडेल घरी आणलं. टेबलावर मावेना, म्हणून बाबांच्या पलंगावर ठेवलं. धूळ बसू नये म्हणून वरून चादर घातली. इतकी काळजी कोण घेतं हो? मग मी निश्चिंत मनाने चहा ढोसायला बसलो.

तेवढ्यात बाबा फिरून आले, खोलीत गेले आणि सवयीप्रमाणे पलंगावर टेकले.

कर्रर्र... कटाक!

“बाबा!” मी किंचाळत धावलो. “तुम्ही व्यापारी संकुलावर बसलात!”

“मी माझ्या पलंगावर बसलोय,” बाबा शांतपणे म्हणाले. “पण हे पाठीला काय टोचतंय?”

“निवासी मजले!”

बाबांना उठवून मी चादर काढली. काचेच्या भिंतीचा चुरा! दुकानांपुढच्या फरशीत बाबांच्या आकाराचा खड्डा! गच्चीवरची पाण्याची टाकी बेपत्ता, आणि झाडं चादरीला चिकटलेली!

“माझी नोकरी गेली!” मी डोकं धरून खाली बसलो.

“रडतोस काय? पंक्चर आहे, निघेल,” बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांनी घरात त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली.

रविवारी त्यांनी मला गोंद आणायला पिटाळलं. निम्मी दुकानं बंद! पार गावभर हिंडून एक ट्यूब घेऊन परतलो, तर बाबा आणि बायको हात धूत होते. काम फत्ते! टाकीच्या जागी सायकलच्या घंटीची चकचकीत वाटी. झाडांच्या जागी भांड्यांची हिरवी घासणी, ही बायकोची कलाकुसर. आणि खड्ड्याच्या जागी...

“बाबा, या पायऱ्या कुठून आल्या?”

“जुन्या टायरमधून. खड्डा बुजवायला नको?”

मी पायऱ्या उपटायला गेलो, तर अख्खी इमारत हातात यायला लागली! बाबांनी पंक्चरचं सोल्यूशन लावलं होतं. आयुष्यभर लोकांच्या ट्यूब चिकटवलेला माणूस तो! मी हात जोडले आणि नाद सोडला.

सोमवारी हॉल खच्चून भरला. समितीच्या अध्यक्षबाई खुर्चीत, शेजारी बिल्डर आणि त्याचा आर्किटेक्ट. सगळ्यांत आधी टेलरकाका तावातावाने उठले.

“इमारत बांधा हो, पण आम्ही बसायचं कुठे?”

मी चादर काढली. काका मॉडेलकडे बघतच राहिले.

“अरे! पायऱ्या आहेत की!”

टाळ्यांचा कडकडाट! आर्किटेक्ट मात्र पांढराफटक. “पण हे आमचं...”

“आमचंच आहे!” बिल्डरने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. “लोकांच्या भावना आम्ही ओळखतो!”

“आणि हा घुमट?” बाईंनी घंटीच्या वाटीवर टिचकी मारली. टिंग!

“शहराला... ओळख हवी ना काहीतरी,” आर्किटेक्ट कण्हला.

“झाड कुठलं?”

“सदाहरित!” मी घाईघाईने म्हणालो.

“छान! अट घाला, अगदी या मॉडेलप्रमाणेच बांधायचं. तसूभरही फरक नको!”

ती अट मी माझ्या हाताने लिहिली. शेवटच्या रांगेत बाबा छताकडे बघत बसले होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

इमारत उभी राहिली. घुमटासह! मी रुबाबात अंतिम तपासणीला गेलो आणि पायऱ्यांपुढे थबकलो. एकेक पायरी खुर्चीएवढी उंच! बाबांनी टायर कापताना प्रमाण वगैरे काही बघितलं नव्हतं, आणि बिल्डरने तसूभरही फरक केला नव्हता. तिन्ही पायऱ्यांवर लोक मजेत बसले होते. मध्यभागी आमचं त्रिकूट.

“बाबा, या चढायच्या कशा?”

“चढायच्या कशाला? बसायच्या आहेत.”

बाजूने सोयीचा उतार होता. पण सगळे बघत असताना अधिकाऱ्याने वळसा घालायचा? मी ढांग टाकली. एक पायरी जमली. दुसरीला टेलरकाकांनी एक हात ओढला, बेकरीवाल्यांनी दुसरा.

टर्रर्र!

“हलू नकोस, सुई आणतो,” टेलरकाका म्हणाले आणि उताराने आपल्या गाळ्यात गेले.

मी मटकन खाली बसलो आणि मंजूर नकाशा मांडीवर पांघरला. बाबा असे हसले, असे हसले, की समोरच्या बाल्कनीत बायको धावत आली. तो आवाज ऐकून मलाही भरून आलं. खोटं कशाला सांगू?

अहवाल तिथेच पुरा केला. ‘बसण्याची सोय’ या रकान्यात लिहिलं, ‘उत्तम. स्वतः बसून खात्री केली आहे.’

तसंही पँट शिवून होईपर्यंत मला उठता येणार नव्हतं!