हिरव्या कोटातला कॅप्टन आणि तापलेला ओव्हन

“हात्तिच्या! एवढंच ना बाबा? तलवार अशी चिकटवतो, की ती मोडली होती हे खुद्द कॅप्टनलाही कळायचं नाही!”

लोवेल हॅस्किन्सने सासऱ्यांपुढे ही फुशारकी मारली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सासरे एझ्रा टॉलिव्हर म्हणजे अमेरिकी मरीन दलातले निवृत्त सार्जंट. बोटभर उंचीचा तो कॅप्टन म्हणजे कथील-शिशाच्या मऊ मिश्रणाचा ओतीव बाहुला, अंगावर दलाच्या स्थापनेच्या काळातला हिरवा कोट. त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला. आता नजर अधू झालेली, दुसरा रंगवणं या जन्मी शक्य नव्हतं. दर दहा नोव्हेंबरला, दलाच्या वाढदिवशी, केकशेजारी कॅप्टन उभा हवा म्हणजे हवाच! लोवेलने नोकरी केली ती मरीन दलात नव्हे, साध्या लष्करात, तीही मुदपाकखान्यात. त्यामुळे सासऱ्यांच्या लेखी त्याची किंमत आधीच शून्य.

तलवार झकास चिकटली. कोटावर रंगाचा हातही फिरला. तो चटकन वाळावा म्हणून लोवेलने कॅप्टनला जेमतेम कोमट ओव्हनमध्ये ठेवलं, हौशी मंडळी ठेवतात तसं, आणि शीळ घालत टाय शोधायला वर गेला.

इकडे त्याच्या बायकोने, डोरीनने, केकसाठी ओव्हन तापायला लावला. लावण्याआधी आत डोकावायची पद्धत त्या घरात नव्हती!

“लोवेल! ट्रेमध्ये हे चांदीसारखं काय सांडलंय रे?”

लोवेल धावत खाली आला. कॅप्टनचं थारोळं झालं होतं. वर टोपीचा काठ तेवढा शिल्लक!

“मेलो! तुझे बाबा मला उभा सोलतील!”

“मला काय स्वप्न पडलं होतं, आत माणूस ठेवलायस म्हणून?”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. एझ्रा, आणि सोबत त्यांचे दोन म्हातारे दोस्त!

“जावईबापू, कॅप्टन कुठाय?”

“त्यांना... जरा उष्णतेचा त्रास झाला, बाबा.”

“नोव्हेंबरात?”

डोरीनने मुकाट्याने ट्रे पुढे केला. एझ्रांनी थारोळ्यावरून अंगठा फिरवला. ओरडले असते तर परवडलं असतं. लोवेलला भीती तर वाटत होतीच, पण आता रडूही येऊ लागलं.

“माफ करा बाबा. तुमचं काय गेलं ते कळतंय मला.”

“टोप्या काढा रे,” एझ्रा दोस्तांना म्हणाले. तिघे म्हातारे बोडक्या डोक्यांनी ट्रेपुढे उभे राहिले. मग एझ्रांनी डोळे पुसले आणि लोवेलला आपादमस्तक न्याहाळलं.

“कॅप्टनशिवाय केक कापायचा नाही. डोरीन, तुझा हिरवा गाऊन आण!”

त्या ओव्हनमध्ये आता केक कोण भाजणार? तो बेकरीतून आला. त्याच्या शेजारी, बायकोच्या गाऊनमध्ये, पावाची सुरी खांद्याला लावून, लोवेल ताठ उभा राहिला. पापणी लववायचीही चोरी!

“यंदाचा जरा जाड ओतलाय,” एक दोस्त म्हणाला.

“आणि थरथरतोय!” दुसरा म्हणाला.

एझ्रांनी चष्मा चढवला, जवळ आले आणि घामाने निथळणाऱ्या जावयाच्या कपाळाला बोट लावून पाहिलं.

“रंग ओला आहे अजून,” ते गंभीरपणे म्हणाले. “डोरीन, ओव्हन गरम आहे ना?”