शंभूराव बगळ्यांचा हलका रॉड

एका जंगलात, डोहाच्या काठी, जांभळीच्या फांदीवर दोन साळुंक्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या. हळू म्हणजे किती? तर खाली उभ्या असलेल्याला नीट ऐकू जाईल इतक्या हळू.

"ऐकलंस का गं? यंदा डोहातली मरळ चोचीला दादच देत नाही म्हणे. पण ज्याच्याकडे हलकी काठी असेल ना, फक्त त्याच्याच..."

तेवढ्यात वरून ससाण्याची सावली फिरली. दोघी भुर्रकन उडाल्या. बाकीचं वाक्य फांदीवरच राहिलं.

खाली शंभूराव बगळे उभे होते. एका पायावर. बरं का बालमित्रांनो, अर्धी बातमी ऐकली की शहाणा प्राणी काय करतो? उरलेली अर्धी आपल्या पदरची घालतो. शंभूरावांनीही घातली. "फक्त त्याच्याच गळाला लागते," असं त्यांनी वाक्य पुरं केलं आणि ते एकदम दोन्ही पायांवर आले.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाळाचं उष्टावण होतं.

बगळ्यांच्यात उष्टावणाची रीत मोठी कडक. पहिला घास मामाने भरवायचा. तो मरळीचाच हवा. आणि ती मरळ बापाने स्वतः धरलेली हवी. नाहीतर ते पिल्लू जन्मभर बेडकांवर दिवस काढतं, असं म्हातारे बगळे सांगतात. शेजारच्या तळ्यावरून दत्तूमामा येणार होते. ते तर असल्या गोष्टी चारचौघांत विचारण्यासाठीच प्रसिद्ध.

मरळ तुम्हाला ठाऊक आहे ना? तीच ती, अंगाने लहान पण तोंडाने मोठी. दुसऱ्यांची पिल्लं गट्ट करते आणि वर साळसूदपणे चिखलात बसून राहते. आपल्या आळीतही एकदोन आहेत, पण ते असू दे.

आता शंभूरावांना देवाने काय दिलं होतं? भाल्यासारखी चोच. हवी तेवढी लांब आणि हवी तेव्हा आखूड होणारी मान. अशा चोचीने त्यांच्या वाडवडिलांनी डोहातल्या मरळींना सळो की पळो करून सोडलं होतं. पण चोच पडली घरची. घरच्या वस्तूचं कौतुक कोण करतो?

शंभूराव तडक साळिंदराच्या दुकानात गेले.

साळिंदर म्हणजे काटेशेठ. दुकानात काठ्याच काठ्या. काही वेळूच्या, काही शेठच्या स्वतःच्या अंगावरच्या.

"या, रावसाहेब! कसल्या माशासाठी हवी?"

"लहान मरळ. उद्या सकाळीच हवीय. हलकी काठी द्या."

मागे ठेवलेल्या टोपलीतून एक कान वर आला. मग दुसरा. ते ससेसर होते. ससेसर काठ्यांचे जाणकार. रोज पारावर बसून ते अख्ख्या जंगलाला कुठली काठी घ्यावी ते सांगत. त्यांनी स्वतः जन्मात मासा खाल्ला नव्हता. पाण्याला तर ते लांबूनच नमस्कार करत. त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असे.

"काठी नाही, मित्रा," ससेसर म्हणाले. "रॉड. काठी म्हशीला मारतात."

शंभूराव लाजले.

"लहान शिकारी माशाला जड रॉड चालत नाही," सर पुढे म्हणाले. "गळाला लावायचा खोटा मासा असतो पिसाएवढा. जड रॉडने तो फेकलाच जात नाही, पायाशी पडतो. टोक हवं लवलवतं. मरळीने नुसता श्वास घेतला तरी कळलं पाहिजे. आणि कंबर हवी ताठ. नाहीतर मासा ओढेल आणि तुम्ही बघत बसाल."

सांगत होते ते सगळं खरं होतं, बरं का. एक शब्द खोटा नव्हता. खरं बोलून गिऱ्हाईक खड्ड्यात घालणं ही फार वरची विद्या आहे.

काटेशेठनी एक वेळू काढला. "जड," ससेसर म्हणाले. दुसरा काढला. "बरा, पण जुन्या पद्धतीचा." मग शेठनी पाठ वळवली, डोळे मिटले आणि स्वतःच्या अंगावरचा एक लांब काटा उपटून दिला. काळापांढरा, पोकळ, वाऱ्याने हलणारा.

"हा!" सर म्हणाले. "हातात धरलाय हेही कळत नाही."

"पण मला हात नाहीत," शंभूराव म्हणाले.

काटेशेठनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही एका पायावरच उभे राहता की नाही?" काटेशेठ म्हणाले. "मग दुसरा पाय रिकामाच असतो! त्यात धरा."

शंभूरावांनी पायात धरून फेकून पाहिलं. ते सरळ टोपलीत पडले, ससेसरांवर.

"चोचीत धरा," टोपलीतून आवाज आला. "मनगटाऐवजी मान फिरवा. तुमच्यासारखी मान कुणाला आहे!"

आपल्या मानेचं कौतुक ऐकून शंभूराव विरघळले. किमतीत त्यांच्या पाठीवरची झुपकेदार पांढरी पिसं गेली. त्यातल्याच एका पिसाचा शेठनी तिथल्या तिथे खोटा मासा बांधला आणि त्यांनाच दिला. वर एक अट सांगितली. "नाजूक वस्तू आहे, रावसाहेब. तोंडातून सोडायची नाही. दगडावर टोक आपटलं की संपलं. मग आमच्याकडे यायचं नाही."

घरी सुशीलाबाईंनी आधी नवऱ्याची उघडी पाठ पाहिली, मग तोंडातला काटा.

"हे काय आणलंत?"

"म्म," शंभूराव म्हणाले.

"आणि ते खाली ठेवून बोलता येत नाही वाटतं?"

"म्म म्म."

"बाळाचं उद्या उष्टावण आहे, अहो! घरात देवाने दिलेली चोच आहे आणि तुम्ही तिच्यात साळिंदराचा काटा कोंबून आलात?"

शंभूरावांना खूप काही सांगायचं होतं. टोकाचं लवलवणं, कंबरेचा ताठपणा. पण रॉड खाली ठेवायचा नव्हता. त्यांनी बायकोकडे फक्त दयेने पाहिलं. बिचारी. रॉडला काटा म्हणते अजून.

सकाळी ते डोहावर गेले तर काय! बातमी त्यांच्या एकट्याच्याच कानावर गेली नव्हती. अस्वल काटा तोंडात धरून बसलेलं. पाणमांजर काटा तोंडात धरून बसलेलं. जन्मभर पंज्यांनी आणि दातांनी मासे ओढणारी ही मंडळी आता एकमेकांच्या रॉडकडे तिरक्या नजरेने बघत होती. काटेशेठ काठावर सगळ्यांची विचारपूस करत हिंडत होते. त्यांच्या पाठीवर आता थोडेच काटे उरले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

शंभूरावांनी मान फिरवली. खोटा मासा झकास उडाला आणि पाण्यात टिचकी मारल्यासारखा पडला. काय फेक होती! बाळाने टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्याला भूक लागली होती. ते नुसतंच चोच वासून बसलं होतं.

पुन्हा फेक. पुन्हा ओढ. ऊन वर आलं. डोहात खोटे मासे इतके फिरत होते की खरे कोपऱ्यात जाऊन बसले होते.

आणि मग शंभूरावांना पायाशी काहीतरी हललेलं दिसलं.

मरळ.

लहानशी, काळसर, अंगावर पट्टे असलेली. त्यांच्या बोटांना टेकून निवांत बसलेली. वर बघत होती आणि चक्क जांभई देत होती.

"अहो! मरळ!" काठावरून सुशीलाबाई ओरडल्या. "पायाशी! मारा चोच!"

"म्म!" शंभूराव म्हणाले. मला दिसतेय, असं त्यांना म्हणायचं होतं. चोच मारायची तर रॉड सोडायला हवा. रॉड सोडला तर तो दगडावर पडणार. त्यांनी खोटा मासा हळूच जवळ ओढला आणि मरळीच्या नाकासमोर नाचवला. मरळीने पिसाकडे पाहिलं. मग शंभूरावांच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. मग पुन्हा जांभई दिली.

"म्म म्म म्म!" शंभूराव तिला समजावत होते.

इतक्यात वर पंखांचा आवाज झाला. "काय हो भावोजी," आकाशातूनच दत्तूमामा ओरडले, "मरळ धरलीत का नाही?"

आपलं पोर जन्मभर बेडूक खातंय, असं चित्र शंभूरावांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तरी चोच उघडेना. नाजूक वस्तू होती हो!

सुशीलाबाईंनी मात्र पदर खोचल्यासारखे पंख आवळले, एक उडी मारली आणि चोच मारली. एकदाच. मरळीची जांभई अर्धीच राहिली.

मामा खाली उतरेपर्यंत त्या माउलीने मरळ गळाला अडकवून नवऱ्याच्या रॉडला टांगली होती. रॉड झकास वाकला. टोक लवलवलं, कंबर ताठ राहिली.

"वा!" मामा म्हणाले. "बापानेच धरलीय ना?"

"बघा की, त्यांच्याच तोंडात आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "जन्मात सोडणार नाहीत."

मामाने घास भरवला. बाळाने तो गिळला आणि दुसऱ्यासाठी चोच उघडली. पारावर ससेसर सगळ्यांना सांगू लागले, "पाहिलंत? मी म्हटलं नव्हतं?"

संध्याकाळी त्या दोन साळुंक्या पुन्हा जांभळीवर आल्या. अर्धं राहिलेलं वाक्य तिथेच होतं, ते त्यांनी पुरं केलं.

"तर मी काय सांगत होते, ज्याच्याकडे हलकी काठी असेल ना, फक्त त्याच्याच पायाशी येऊन बसते मरळ. त्याचं तोंड बंद असतं ना! पण चोचीला दाद देत नाही म्हणतात, ते काही खरं नाही हं. सुशीलाबाईंनी आजच एक उचलली."

शंभूरावांनी हे ऐकलं. म्हणजे त्यातलं मरळ येऊन बसते तेवढंच ऐकलं. समाधानाने त्यांनी मान डोलवली आणि बाळासाठी छोटा रॉड घ्यायला ते काटेशेठकडे निघाले.

तात्पर्य : देवाने दिलेल्या चोचीवर भरवसा ठेवा, असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका, मुलांनो. चांगला, हलका, लवलवत्या टोकाचा रॉड जरूर घ्या. त्याशिवाय मरळ जवळ येत नाही. फक्त घरातल्या दोघांनी एकदम घेऊ नका, म्हणजे कुणीतरी जेवेल.