कचरूरावांच्या चौदा तक्रारी

"बाबा, शनिवारी तुम्ही तक्रारी करायच्या आहेत," प्रज्ञेश म्हणाला आणि कचरूराव गजभिये यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत पाहुण्याची चाहूल लागली की नंदाताईंचं वाक्य ठरलेलं असे : "अहो, आज तरी गप्प बसा." आणि आज पोटचा मुलगा आमंत्रण देत होता.

प्रज्ञेशच्या कंपनीतले पोलंडचे वरिष्ठ, वोयचेखसाहेब, पुण्यात आले होते. आठ महिन्यांसाठी तिकडच्या क्राकूव शहरात कुणाला न्यायचं, हे ते सोमवारी ठरवणार होते. प्रज्ञेश आणि शर्मिला अशी दोनच नावं उरली होती. शर्मिलाची त्यांना मिसळ खाऊ घालून झाली होती. शनिवारी ते गजभियांकडे जेवायला येणार होते.

"कंपनीने आम्हाला ट्रेनिंग दिलंय," प्रज्ञेश म्हणाला. "तिकडे 'कसे आहात' विचारलं की 'मस्त' म्हणायचं नाही. मस्त म्हणणारा एक तर काहीतरी लपवतोय, नाहीतर काहीतरी विकतोय. खरं सांगायचं. गुडघा दुखतो, रस्ता वाईट, सरकार त्याहून वाईट. मग ते लोक मोकळे होतात."

"आणि असा देश असताना मी हडपसरमध्ये आयुष्य काढलं!" कचरूराव म्हणाले.

बुधवारी रात्रीपर्यंत यादी तयार होती. चौदा मुद्दे. लिफ्ट तीन महिने बंद. फाटकासमोर खड्डा. पाणी सकाळी वीस मिनिटं. पार्किंगमध्ये तीन वर्षं धूळ खात पडलेली बेवारस गाडी. प्रत्येक मुद्द्यापुढे जुन्या फाइलमधून काढलेल्या अर्जांच्या तारखा. चौदावा मुद्दा खासगी होता : चार मजले चढून उजवा गुडघा कामातून गेला आहे.

गडबड केली नंदाताईंनी. जिन्यात सोसायटीचे चेअरमन हिंमतराव भेटले, तेव्हा त्यांच्याजवळ बोलून गेल्या.

"फॉरेनर? आपल्या बिल्डिंगमध्ये?" हिंमतराव दोन पायऱ्या खाली आले. "अहो वहिनी, आधी सांगायचं!"

गुरुवारी लिफ्ट सुरू झाली. शुक्रवारी खड्डा बुजला. शनिवारी सकाळी नळाला असं पाणी आलं की नंदाताईंनी बादल्या संपल्यावर पातेली भरली. दुपारी बेवारस गाडी क्रेनला लटकून गेली. कचरूराव गॅलरीत उभे राहून लाल पेनाने एकेक मुद्दा खोडत होते.

"बाबा, चौदावा तरी आहे ना?" प्रज्ञेशने विचारलं.

"दोन दिवस जिना चढलो नाही," कचरूराव खिन्नपणे म्हणाले. "गुडघा थांबला."

"मग जुन्याच सांगा ना!"

"झालेली कामं झाली नाहीत म्हणून? चौतीस वर्षं नोकरी केली मी. खोटी तक्रार एक नाही केली."

सात वाजता बेल वाजली. दारात सहा फुटी वोयचेखसाहेब, हातात सात गुलाब. विषमच; सम संख्येची फुलं तिकडे फक्त मयताला नेतात. कचरूरावांनी हात पुढे केला. साहेबांनी मान हलवली, उंबरठा ओलांडून आत आले, न सांगता बूट काढले आणि मग हात मिळवला. उंबरठ्यावरून हात मिळवला की भांडण होतं म्हणे. मग ते नंदाताईंच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकले. नंदाताईंनी जय भीमसाठी जोडलेले हात सोडलेच नाहीत. वाकलेल्या साहेबांनी वाकल्या वाकल्या जय भीम केला.

बोलणं इंग्रजीत होतं. कचरूरावांचं इंग्रजी सरकारी पत्रांवर पोसलेलं असल्याने अडचण नव्हती.

"कसे आहात?" साहेबांनी विचारलं.

प्रज्ञेशने श्वास रोखला.

"उत्तम," कचरूराव कसेबसे म्हणाले.

"पाणी वगैरे येतं?"

"भरपूर."

"रस्ता?"

"गुळगुळीत."

साहेबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी खुर्ची किंचित मागे घेतली. "तब्येत?"

"ठणठणीत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्रज्ञेशच्या डोळ्यांसमोरून क्राकूव शर्मिलाच्या बॅगेत बसून निघून गेलं. नंदाताईंनी आयुष्यात प्रथमच नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि कुजबुजल्या, "अहो, बोला ना काहीतरी वाईट!"

"काय बोलू?" कचरूराव एकदम उसळले. इंग्रजीतच. "काही शिल्लक ठेवलंय का या लोकांनी? तीन वर्षं अर्ज दिले मी! सव्वीस अर्ज! एकाला उत्तर नाही. आणि एक गोरा माणूस जेवायला येणार म्हटल्यावर तीन दिवसांत सगळं झालं! म्हणजे होत होतं! माझ्यासाठी होत नव्हतं!"

वोयचेखसाहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की कोशिंबीर उडाली.

"आमच्याकडे तेच!" ते ओरडले. "माझी आई दहा वर्षं नगरपालिकेला सांगतेय, रस्त्यावर दिवा लावा, दिवा लावा. जर्मन पाहुणे येणार म्हटलं, तर एका रात्रीत रस्ता उजळला! पाहुणे गेले. दिवाही गेला!"

"काढून नेला?" कचरूरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"खांबासकट!"

जेवण साडेनऊला संपलं, तक्रारी अकराला. जाताना साहेबांनी कचरूरावांना मिठी मारली. अर्थात उंबरठ्याच्या आत.

सोमवारी प्रज्ञेश घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला.

"शर्मिला?" नंदाताईंनी भीत भीत विचारलं.

"कुणीच नाही. साहेब म्हणाले, इतक्या मनमोकळ्या गप्पा त्यांनी क्राकूवमध्येसुद्धा मारल्या नव्हत्या. ते स्वतःच आठ महिने इथे राहतायत. मग आम्ही तिकडे जाऊन काय करायचं?" त्याने छताकडे पाहिलं. "आपल्याच बिल्डिंगमध्ये राहणार. सहाव्या मजल्यावर."

मुलाचं वाईट झालं होतं, आणि चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत नव्हतं, म्हणून कचरूरावांनी तोंडासमोर वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी बेल वाजली. दारात वोयचेखसाहेब, घामाने निथळत, एक हात गुडघ्यावर.

"लिफ्ट?" कचरूरावांनी विचारलं.

"बंद!" साहेबांचा चेहरा उजळला होता.

कचरूरावांनी घाईने त्यांना आत घेतलं आणि मगच हात मिळवला. "नंदा," त्यांनी हाक मारली, "चहा टाक. आणि माझी फाइल दे."