कालव्यात पाणी सोडल्याबद्दल

ऐतिहासिक कालव्याचं पुनरुज्जीवन पूर्ण झालं, तेव्हा त्याच्या दारावरच्या राखणदाराच्या निवृत्तीला एकच महिना उरला होता. बावीस वर्षं त्या कोरड्या कालव्याच्या लोखंडी दाराचं चाक तो रोज पुसून, ग्रीस लावून ठेवत आला होता. ते एकदा फिरवून पाणी सोडायचं, एवढीच त्याची इच्छा.

"त्या चाकाकडे देता त्याच्या निम्मं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत, तर मी अशी कुरकुरले नसते," बायको म्हणायची.

उद्घाटनाच्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तो चाकापाशी उभा राहिला. अभियंताबाई धावत आल्या.

"काका, हात काढा आधी! दोनशे वर्षांचा दगड आहे. पाणी लागलं तर शेवाळ धरेल."

"पण बाई, कालवाच ना हा?"

"होता. आता वारसा आहे. पाणी हा बाह्य घटक ठरलाय."

तेव्हा कालवा कोरडाच खुला झाला. होड्यांना चाकं बसवली. जीवरक्षक जाकीट सक्तीचं झालं. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा होडीतून पडले आणि त्यांचा गुडघा फुटला. कालव्याच्या समितीने त्याची नोंद 'अंशतः बुडणे' अशी केली आणि प्रत्येकाकडे पोहता येत असल्याचा दाखला मागितला. लोकांनी तोही आणला, रांगा लावून. "काय शिस्त आहे हो!" असं एकमेकांना सांगत वल्ही हवेत मारली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी राखणदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या चाकाला हात घातला. चाक लोण्यासारखं फिरलं. पाणी आलं, घोट्याएवढं. होड्या जराशा हलल्या. त्याचे डोळे भरून आले.

"अहो, पाणी शिरलंय! बंद करा कुणीतरी!"

"कालव्यात पाणी? झोपलेत का सगळे?"

जाकीट घातलेले, दाखलेवाले नागरिक होड्यांतल्या बाकांवर चढून ओरडत होते.

निरोपाची शाल रद्द झाली. त्याऐवजी कागद आला: कालव्यात अनधिकृत पाणी सोडल्याबद्दल बडतर्फ. सोबत तीनशे नागरिकांच्या सह्यांची तक्रार.

"कुणाकुणाच्या सह्या आहेत हो?" बायकोने विचारलं.

"आपलीच माणसं आहेत," तो म्हणाला आणि त्याने कागदाची घडी घातली.

त्यातली पाचवी सही जरा फराट्याची आहे. ती तुमची आहे, असं कुणी म्हणत नाही. पण तुमच्या गॅलरीत त्या दिवशी भिजलेले बूट अजून वाळताहेत.