अस्वलाचं ताट

आमच्या शाळेत मी अस्वलाला खिचडी वाढलेली आहे. खोटं नाही सांगत. कोल्ह्याला मटकीची उसळ वाढली, एका राजाला वरणभात वाढला, आणि एकदा एका ढगाला नुसतं ताक दिलं, कारण ढग जड जेवत नाही असं पोरांनी आपसात ठरवलं होतं.

मी सांगलीजवळच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. पंगतीत पोरं असतील त्याहून एक ताट जास्त मांडायचं, ही आमच्या मोहिते बाईंची पद्धत. पहिल्यांदा मला वाटलं, बाई नवीन आहेत, मोजायला चुकल्या असतील. म्हटलं, "बाई, हे कुणाचं?" तर चष्मा नाकावर ढकलून, घरच्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तशा म्हणाल्या, "अस्वलाचं. आज गोष्टीत तेच आहे. वाढा, मावशी. उपाशी बसवून कुणाला प्रश्न विचारू नयेत."

आता तुम्हाला बाई कशा दिसतात ते सांगायला हवं. उंच, काटकुळ्या, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे पळायचे बूट. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. तिथून रोज स्कूटरवर येतात, आणि पायांशी टोमॅटोचा क्रेट, त्यात गोष्टीची पुस्तकं. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकल्या की तिथंच पुस्तक काढून वाचतात म्हणे. लग्न केलेलं नाही. ते आमच्या गावातल्या बायकांनी पहिल्या महिन्यातच विचारून घेतलं, "आवं बाई, तुमी लगीन का न्हाई केलं?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" झालं. एकीनं सांगितलं पत्रिका जुळली नसेल, दुसरी म्हणाली भावंडांचं करण्यात वय गेलं असेल, तिसरीनं तर एका मेलेल्या नवरदेवाची अख्खी कथा रचली. बाईंनी सगळ्या मान हलवून ऐकल्या, प्रत्येकीला "असं होय" म्हटलं, आणि स्कूटर चालू करून निघून गेल्या.

शिकवणंही तसंच. गोष्ट वाचतात मात्र अशी, की माझी फोडणी करपते. आणि शेवटचं पान आलं की पुस्तक मिटतात. मधे बोट घालून, म्हणजे पान हरवायला नको. म्हणतात, "हं. आता बोला." आणि गप्प. एवढ्या गप्प बसतात की नवीन माणसाला वाटावं बाईंना झोप लागली. कुणी बोललं तर चूक नाही, बरोबर नाही. नुसतं, "कशावरून?" पोरगं सांगतं कशावरून. मग, "असं होय." आणि पुन्हा गप्प. मी एकदा म्हटलं, "बाई, पोरांना सांगून का टाकत नाही? लवकर सुटेल वर्ग." तर म्हणाल्या, "मावशी, बोलणं सोपं आहे हो. गप्प बसायला ताकद लागते."

एक शब्द मात्र त्यांच्या वर्गात चालत नाही. तात्पर्य. दुसऱ्या शाळेतून आलेलं एक पोरगं गोष्ट संपायच्या आधीच उभं राहून म्हणालं, "तात्पर्य, चोरी करू नये." बाईंनी दाराकडं बोट केलं. "तात्पर्य बाहेर चपलांपाशी ठेवून ये. जाताना घेऊन जा, घरी लागलं तर."

त्या जास्तीच्या ताटाचाही नियम होता. गोष्टीतल्या माणसाची, नाहीतर जनावराची, जो बाजू घेईल त्यानं जेवताना त्याच्या बसकरावर बसायचं आणि त्याचं ताट संपवायचं. त्यामुळं कुणाच्या वाढदिवसाचा शिरा असला, की अख्खा वर्ग एकदम लांडग्याच्या बाजूनं.

हे "कशावरून" घरोघर पोचलं, तशा तक्रारी आल्या. वर्गातल्या आरोहीचा बाप फौजेत सुभेदार. सुट्टीवर आला होता. एक दिवस ताठ चालत थेट वर्गात.

"बाई, माजी पोरगी मला उलटं विचारतीया. मी म्हणलं लवकर झोप, लवकर झोपल्यालं चांगलं. तर म्हणती, कशावरून? आमच्यात हुकमाला कशावरून न्हाई विचारत."

"बसा," बाई म्हणाल्या. जागा एकच रिकामी होती. सुभेदार अस्वलाच्या बसकरावर बसले.

गोष्ट अशी चालली होती: अस्वलानं उन्हाळाभर गावातली कणसं खाल्ली, एक कोंबडंही खाल्लं. मग कडाक्याचा हिवाळा आला, आणि त्यानं गावातल्या पहिल्याच घराचं दार वाजवलं. इथं बाईंनी पुस्तक मिटलं.

"उघडू नये," एक जण म्हणाला. "कोंबडं खाल्लंय त्यानं."

"मला तर कोंबडंच चोचतंय रोज," दुसरी म्हणाली. "बरं केलं अस्वलानं."

सुभेदारांना राहवेना. "दार उघडायचा सवालच न्हाई. पहाऱ्यावरच्या माणसानं दार उघडायचं नसतंय."

"कशावरून?" आरोही म्हणाली.

सगळी पोरं बापाकडं बघायला लागली. बाई गप्प. मी दारात डाव घेऊन उभी. सुभेदारांनी छताकडं बघितलं, गुडघे चोळले. मग जरा हळू आवाजात विचारलं, "बाई, भाईर बर्फ हुतं का?"

"गोष्टीत तर होतं."

"किती?"

"ते तुम्हालाच माहीत. मी बर्फ फ्रिजमध्येच बघितलंय."

सुभेदारांनी वर्गाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "उघडाय पायजे, बाई. आदी आत घ्या त्येला. कोंबड्याचं मागनं बघू."

अस्वलाचं ताट त्या दिवशी त्यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला पुन्हा हजर. "मावशी, आज कोण हाय?"

सगळ्यांना असं बसवून जेवू घालणाऱ्या ह्या बाई स्वतः मात्र पंगतीला कधी बसल्या नाहीत. घरून आणलेली गुंडाळलेली चपाती खिडकीपाशी उभं राहून खायची, एका हातात पुस्तक. मी कितीदा म्हटलं, "बाई, बसून खावा की." तर म्हणायच्या, "सवय गेली मावशी. एकटीसाठी कोण ताट मांडतं?" आणि पान उलटायच्या.

यंदा बाईंची नोकरी संपत आली. निरोपाला कुठल्या रंगाची शाल घ्यायची यावर गावात चर्चा सुरू झाली. मी विचारलं, "पुढं काय, बाई?" म्हणाल्या, "आराम." औषधाचं नाव सांगावं तसं म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस क्रेट न घेताच आल्या. पोरांपुढं बसल्या आणि हातात पुस्तक नसताना गोष्ट सुरू केली.

"एक एस.टी. होती. लाल, जुनी. रोज एकाच गावाला जायची. रस्त्यातले खड्डे तिला पाठ. कुठल्या झाडाखाली कोण उभं असणार, तेही पाठ. एक दिवस डेपोत तिला सांगितलं, उद्यापासून तू जायचं नाहीस. डेपोच्या मागं गवत होतं, तिथं नेऊन उभी केली. सकाळ झाली. तिची निघायची वेळ झाली."

इथं बाई थांबल्या. हातात पुस्तक नव्हतं, तरी बोट वाकडंच होतं, पानात घातल्यासारखं.

"हं. आता बोला."

"भंगारात घालत्यात तसली," एक जण म्हणाला.

"गप रं. तिच्यात कोंबड्या ठेवत्यात. आमच्या मामानं ठेवल्यात."

"तिला वाट पाठ हाय की. आपसूक येईल."

बाईंनी कशावरून विचारलं नाही. मी गॅस बारीक केला.

मग आरोही उठली. "ती येणार न्हाई, बाई. तिला येऊ नगं म्हणून सांगितलंय. पण आपल्याला कुठं कोण काय म्हणलंय? आपण जायाचं डेपोत. बसायचं तिच्यात. खिडकीजवळ मी."

"मी ड्रायव्हर," कोंबडीवाला म्हणाला. मग सगळेच ओरडायला लागले, कोण कुठं बसणार.

"असं होय," बाई म्हणाल्या, पण ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही.

पंगत बसली. एस.टी.चं ताट मांडलं. पोरं म्हणाली, मावशी, तिला पातळ वाढा, डिझेल पातळ असतंय. मी भातावर आमटी जास्त ओतली. पण त्या बसकरावर कुणी बसेना. बाजू सगळ्यांनीच घेतली होती, आणि हात सगळ्यांनीच मागं घेतला.

"बाई, आज तुमी खावा," आरोही म्हणाली.

खिडकीपाशी बाई चपाती हातात धरून उभ्या होत्या. "मला भूक नाही, आरोही."

"कशावरून?"

आणि अख्खी पंगत गप्प झाली. कुणी हसलं नाही, कुणी आग्रह केला नाही, कुणी बाईंना उत्तर सुचवलं नाही. बाईंनीच शिकवलेलं ते गप्प बसणं. भात निवत होता, तरी पोरं हलली नाहीत.

बाईंनी चपाती डब्यात परत ठेवली. बूट काढले. साडी सावरत, एका हातानं भिंत धरून, त्या एस.टी.च्या बसकरावर बसल्या. बसायची खरंच सवय गेली होती, मांडी घालताना वेळ लागला. पहिला घास खाल्ला.

"जरा पातळ झालंय, मावशी."

"एस.टी.साठी केलंय, बाई."

"हो," बाई म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

"बाई," आरोहीनं तोंडात घास असतानाच विचारलं, "त्यो डेपो कुठं हाय?"

बाई ताटाकडंच बघत होत्या. "विश्रामबागेत," म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर."

पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ढग ताक पितो, तर डेपो दुसऱ्या मजल्यावर का नसावा.

"सुट्टी लागली की येतो," आरोही म्हणाली. "खिडकीजवळ मी हाय, ध्यानात ठेवा."